अनोळखी नावाचं पुस्तक हातात घ्यायचं तर… वाचकांचे प्रश्न

स्वतःच्या खर्चानं, स्वतःच्या हिमतीवर पुस्तक काढणाऱ्या लेखकांच्या कथा-कादंबऱ्यांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आले, काहींनी तर लिहायच्या ऐवजी ऑडिओच पाठवलाय. बहुतेक सगळे आपल्याच पट्ट्यातले, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, थोडे पलीकडच्या चंदगडातले. सारखे प्रश्न एकत्र केलेत. उत्तरं माझ्या मतानुसार दिलीत, पटली नाहीत तर जरूर कळवा.

ताई, मी खानापूरला शाळेत शिकवते. महिन्यातून एकदा बेळगावला जाणं होतं, तेव्हा पुस्तकाच्या दुकानात डोकावतेच. नवीन काय आलंय म्हणून विचारलं की तेच मोठ्या लेखकांचे गठ्ठे पुढं ठेवतात, ते माझे कॉलेजात असतानाच वाचून झालेत. नवीन लोक कादंबऱ्या लिहीतच नाहीत का, की लिहितात आणि आमच्यापर्यंत पोचत नाहीत? शोधायचं कुठं?
— एक शिक्षिका, खानापूर

लिहितात ताई, भरपूर लिहितात. पोचत नाहीत हेच खरं. आणि यात दुकानदाराला दोष देऊ नका, सगळा व्यवहाराचा मामला आहे. पुस्तक दुकानात ठेवायचं म्हणजे कमिशन द्यायचं, मध्ये वितरक असला तर त्याचा वाटा वेगळा, वर न खपलेल्या प्रती परत घ्यायची तयारी ठेवायची. मोठ्या प्रकाशकाला हे परवडतं, कारण त्याची ढीगभर पुस्तकं एकाच पार्सलात येतात. घरातल्या कपाटात दोन-तीनशे प्रती रचून बसलेल्या लेखकानं साताऱ्याहून बेळगावला चार प्रती पाठवल्या तर जे काही सुटायचं ते कुरियरलाच जातं. त्यातून दुकानातली निम्मी जागा शाळेच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची, उरलेल्या फळीवर तो बिचारा हमखास खपणारंच ठेवणार ना. म्हणून दुकानात जाऊन 'नवीन काय' विचारायचं आणि नवीन लेखक हाती लागायचा, हे आता होत नाही, आपल्यालाच दुसरीकडं बघावं लागतं.

फोनवर बघायचं तर ठिकाणं बरीच आहेत, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. प्रतिलिपी हे अ‍ॅप बेंगळूरमधूनच २०१४ साली सुरू झालं, त्यावर मराठीत लिहिणारे हजारोंनी आहेत, मात्र तिथं कुणी निवड करत नाही, ज्याला लिहायचंय तो लिहितो, आणि रोज एक भाग अशा मालिका जास्त चालतात, त्यातही प्रेमकथा आणि भुताखेताच्या. तुम्हाला जरा सावकाश, खोल जाणारी कादंबरी हवी असेल तर तिथं धीर धरावा लागेल. ई साहित्य प्रतिष्ठानवर लेखकांच्या संमतीनं पुस्तकं मोफत मिळतात, पीडीएफ उतरवून घ्यायची आणि वाचायची, नवख्या लेखकांची कितीतरी पुस्तकं तिथं आहेत. अ‍ॅमेझॉनच्या किंडल या ई-बुकच्या ठिकाणी मराठी डिसेंबर २०१६ पासून आलं, आणि तेव्हापासून लेखक स्वतःच आपलं पुस्तक तिथं चढवू शकतो. बुकगंगावर छापील पुस्तकं आणि ई-बुक दोन्ही आहेत, बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची काही पानं उघडून बघता येतात. ही पानं बघायची सोय फार कामाची, तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात सांगते.

पण मला विचाराल तर फोनच्या आधी दिवाळी अंक. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडं नवीन लेखकाची पहिली ओळख बहुतेक वेळा दिवाळी अंकातच होते. आज ज्यानं स्वतः कादंबरी छापलीय त्यानं आधी कुठंतरी एखादी दीर्घकथा लिहिलेली असतेच. पद्धत साधी आहे. वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असते, थोडी वर्गणी भरायची आणि महिना-दोन महिने एकेक अंक घरी आणायचा. अनुक्रमणिकेत ओळखीचं नाव दिसलं की ते सोडायचं आणि जे नाव कधी ऐकलेलं नाही तिथून सुरू करायचं. गोष्ट आवडली तर नाव वहीत लिहून ठेवायचं आणि मग तेच नाव किंडलवर, बुकगंगावर टाकून बघायचं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दीडशेहून जास्त वर्षं जुनं आहे, खेड्यापाड्यातली छोटी वाचनालयंही अंक घेतात, आणि अंक नाही घेतला तर घ्या म्हणून सांगायला वाचकच लागतो.

आणि आपल्या भागाची जी खरी श्रीमंती आहे ती गावोगावची साहित्य संमेलनं. अखिल भारतीय संमेलन बेळगावात १९२९, १९४६ आणि २००० ला झालं ते सगळ्यांना आठवतं, पण कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी, बेळगुंदी या गावांतून थंडीच्या दिवसांत जी संमेलनं भरतात तशी महाराष्ट्रातसुद्धा फार ठिकाणी भरत नाहीत. सकाळी ग्रंथदिंडी, डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, लेझीम, मग भाषण, कथाकथन, कविसंमेलन, मध्ये सगळ्यांना जेवण. मांडवाच्या बाजूला पुस्तकांचे स्टॉल असतात आणि एखाद्या कोपऱ्यात टेबलावर स्वतःची एकच कादंबरी मांडून लेखक किंवा लेखिका उभी असते. लोक येतात, पुस्तक उचलतात, किंमत बघतात, ठेवतात आणि पुढं जातात. तुम्ही तिथं थांबा. त्यांना एवढंच विचारा, यातलं तुम्हाला स्वतःला सगळ्यात आवडतं ते पान कुठलं? ते पान काढून देतील. उभ्याउभ्या वाचा. ते पान तुम्हाला धरून ठेवत असेल तर पुस्तक घ्या, नसेल तर आभार मानून ठेवा, त्यात संकोच कसला. लेखकाच्या हातून त्याचं सगळ्यात आवडतं पान मिळणं हे कुठल्याही अ‍ॅपवर होत नाही.

चाळीस-पन्नास जणांनी पाच स्टार दिलेत म्हणून एक कादंबरी घेतली, वीस पानांच्या पुढं जाववेना. उलट एका पुस्तकाला एकच स्टार होता आणि ते इतकं आवडलं की बहिणीला पाठवलं. स्टारवर भरवसा ठेवायचा की नाही?
— गृहिणी, निपाणी

पुस्तक नवीन आणि लेखक अनोळखी असला तर नाही ठेवायचा. स्वतः पुस्तक काढणाऱ्याचे पहिले वीस-पंचवीस स्टार हे भाऊ, भाचे, ऑफिसातले मित्र, शाळेतला ग्रुप यांचे असतात, आणि त्यात वाईट काही नाही, आपल्या माणसाचं कौतुक कुणीही करणार. फक्त ते कौतुक माणसाचं असतं, पुस्तकाचं नसतं, हे ध्यानात ठेवायचं. आणि एक स्टारवाल्यांचंही बघा, बऱ्याचदा खाली लिहिलेलं असतं, 'पार्सल उशिरा आलं'. म्हणजे कादंबरीचा काही संबंधच नाही.

स्टार सोडा आणि खालचं लिखाण वाचा, तेही फक्त अशांचं ज्यांनी काहीतरी नेमकं सांगितलंय. 'अप्रतिम, एका बैठकीत वाचली, डोळ्यात पाणी आलं' यातून काय कळतं? पण कुणी लिहिलं असेल की मधल्या भागात सासूचं पात्र आल्यावर गोष्ट ढिली पडते, किंवा शेवट घाईत उरकलाय, तर तो माणूस खरंच वाचून लिहितोय. असा एखादा वाचक सापडला, आणि त्याची आवड आपल्याशी जुळते असं वाटलं, तर त्यानं आणखी कशावर लिहिलंय ते शोधा. नवीन पुस्तकं मिळवायचा हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा रस्ता.

आणि मग स्वतः वाचून बघायचं. किंडलवर नमुना म्हणून साधारण पहिला दहा टक्के भाग फुकट मिळतो, म्हणजे दोनशे पानांची कादंबरी असेल तर वीसेक पानं. तेवढी पुरतात. काय बघायचं? समजा पहिलं वाक्य असं आहे: 'संध्याकाळची वेळ होती, आकाशात काळे ढग दाटून आले होते आणि तिच्या मनातही विचारांचं काहूर माजलं होतं.' यात चूक काही नाही, पण ही संध्याकाळ कुणाचीही असू शकते, कुठल्याही गावची. आता दुसरं बघा: 'वखारीतनं सुटली तरी तंबाखूची चरचर घशात बसलेली, म्हणून रस्त्यातल्या टपरीवर तिनं आधी गूळ मागितला आणि मग चहा.' हे वाक्य मी आत्ताच बनवलंय, पण तुम्ही निपाणीच्या आहात, तुम्हाला लगेच कळेल की हे लिहिणाऱ्यानं कुणालातरी वखारीतून बाहेर पडताना बघितलंय. एवढंच शोधायचं. लेखकानं बघितलंय की ऐकीव लिहिलंय. पहिल्या दहा पानांत असं बघितलेलं दोन-तीनदा भेटलं तर पुढं जायचं, मग मध्ये एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तरी सोडून द्यायचं. शुद्धलेखनाच्या चुका मात्र पानापानावर असतील, एकाच माणसाचं नाव एकदा 'सुलभा' आणि एकदा 'सुलाभा' छापलं असेल, तर मी ठेवून देते. ज्यानं आपलंच पुस्तक छापायच्या आधी परत वाचलं नाही त्याच्यासाठी आपण आपले चार दिवस का द्यायचे.

अजून एक जागा आहे जिकडं कुणी बघत नाही, ऋणनिर्देशाचं पान. तिथं पत्नी, आईवडील, गुरुजन असतातच, पण संपादन कुणी केलं, मुद्रितशोधन कुणी केलं याचे आभार आहेत का ते बघा. असले तर दुसऱ्या कुणाची तरी नजर त्या हस्तलिखितावरून फिरलीय. मोठ्या प्रकाशनात ही नजर आपोआप मिळते, स्वतः छापणाऱ्याला ती मुद्दाम शोधावी लागते, आणि ज्यानं शोधलीय त्याचं पुस्तक बहुतेक वेळा बरं निघतं.

आईला वाचायची फार आवड, पण आता मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर दिसत नाही. जुन्या ओळखीच्या पुस्तकांचं ऑडिओ मिळतं, नव्यांचं मिळतं का?
— चिकोडीहून एक वाचक

मिळतं, थोडं कमी मिळतं. स्टोरीटेल भारतात २०१७ ला आलं, त्यावर मराठी बरंच आहे आणि मुद्दाम ऐकण्यासाठीच लिहून घेतलेल्या मालिकाही आहेत, त्यात नवीन नावं भेटतात. पण स्वतः छापणाऱ्या लेखकाला स्टुडिओत जाऊन रेकॉर्डिंग करणं महाग पडतं, म्हणून बहुतेकांचं ऑडिओ नसतं. त्यावर उपाय म्हणजे ई-बुक टॅबवर उघडून अक्षर मोठं करा, एका पानावर आठ-दहा ओळी राहिल्या तरी चालेल. पीडीएफमध्ये तसं होत नाही, पान मोठं केलं की ओळ बाहेर जाते, म्हणून पीडीएफ असेल तर टॅब आडवा धरायला सांगा. आणि घरात दहावी-बारावीतलं कुणी असेल तर रोज रात्री जेवणानंतर पाच पानं आजीला मोठ्यानं वाचून दाखवू दे, त्या पोराचंही मराठी सुधारेल.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांवरची एक मराठी कादंबरी वाचली, लेखकानं स्वतः छापलेली. मला खूप आवडली. पण बैलहोंगलचे आमचे एक मित्र म्हणाले, यातलं निम्मं खोटं आहे. मी बँकेत नोकरी केलेला माणूस, इतिहासाचा अभ्यास नाही. आमच्यासारख्यानं ओळखायचं कसं? आणि खोटं निघालं तर पुस्तक वाईट म्हणायचं का?
— निवृत्त बँक कर्मचारी, टिळकवाडी

हा प्रश्न फार आवडला सर. ती कादंबरी मी वाचलेली नाही म्हणून तिच्याबद्दल काही म्हणत नाही, पण कित्तूरचंच उदाहरण घेऊन सांगते, कारण तो आपल्या दारातला इतिहास आहे.

आधी हे, की कादंबरीत खोटं असणारच, नाहीतर ती कादंबरी कशाला. राणी रात्री एकटी बसून काय विचार करत होती, दासीशी काय बोलली, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, ते लेखकानं रचायचंच असतं. त्याला मित्र खोटं म्हणत असतील तर ऐकू नका. पण काही गोष्टी नोंदलेल्या आहेत आणि त्या बदलायचा हक्क लेखकाला नाही, किंवा बदलल्या तर त्यानं तसं सांगायला पाहिजे. चन्नम्मा काकतीच्या, आपल्या बेळगावच्या वेशीवरच्या. ऑक्टोबर १८२४ मध्ये कित्तूरवर चालून आलेला इंग्रज कलेक्टर थॅकरे तिथंच मारला गेला, इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन इंग्रज अधिकारी कित्तूरकरांच्या कैदेत होते. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात ठेवलं, तिथंच १८२९ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. राणीचा शूर साथीदार संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली नंदगडला फाशी दिलं. एवढा सांगाडा डोक्यात असला की कादंबरी कुठं घसरते ते कळायला लागतं.

आता घसरायच्या ठराविक जागा. कादंबरीत 'बेळगावचा कलेक्टर थॅकरे' असं असेल तर चूक, थॅकरे धारवाडचा, बेळगावचा वेगळा जिल्हा झाला तो १८३६ ला. कित्तूरच्या गादीचं दत्तक विधान इंग्रजांनी नाकारलं त्या प्रसंगात डलहौसी आला तर मोठी चूक, डलहौसी गव्हर्नर जनरल झाला १८४८ मध्ये, राणी जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. १८२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर होता एल्फिन्स्टन. आणि मग बारीक बारीक वस्तू, ज्या मला वाचताना नेहमी पकडायला आवडतात. दिवाण काळजीत आहेत, काडेपेटी काढून काडी ओढतात आणि समई लावतात, असं असेल तर थांबा. घासून पेटणारी काडी इंग्लंडातच १८२७ ला विकायला आली, मग १८२४ च्या कित्तुरात दिवाणांच्या हातात कुठून येणार, तिथं चकमक आणि गारगोटी पाहिजे, नाहीतर चुलीतला निखारा. वाड्यात रॉकेलचा कंदील टांगला असेल तरी तेच, रॉकेल १८५० च्या नंतरचं, तेव्हा दिवट्या, पलिते, तेलाचे दिवे. कुणी नोटांची थप्पी पुढं सरकवली तर सरकारी कागदी चलन १८६१ चं, आणि सगळीकडं एकच कंपनीचा रुपया चालू झाला तो १८३५ ला, त्याआधी नाणी पारखून घ्यायला सराफ लागायचा. तुम्ही बँकेतले, तुम्हाला तर हे लगेच खटकेल.

खात्री करायची तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगावचा खंड १८८४ साली निघालेला आहे, एकविसावा खंड, इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळतो. इंग्रजी जुनं आहे पण बँकेतल्या माणसाला जड नाही. तारखा, बाजारभाव, रस्ते, पिकं, गावांची वर्णनं त्यात बघा. मतं मात्र त्यांची घेऊ नका, ते लिहिणारे इंग्रज सरकारचे, कित्तूरकरांच्या लढ्याकडं ते बंड म्हणूनच बघणार.

खोटं निघालं तर वाईट म्हणायचं का? एका काडेपेटीसाठी मी पुस्तक वाईट म्हणणार नाही. पण कादंबरीतला मुख्य प्रसंगच जर अशा गोष्टीवर उभा असेल जी तेव्हा होऊच शकत नव्हती, तर तिथं माझा विश्वास उडतो आणि मग राणीचं दुःखही खरं वाटत नाही. शेवटी लेखकाची टीप आहे का तेही बघा. यातलं नोंदलेलं काय आणि मी रचलेलं काय, हे जो लेखक दोन पानांत सरळ सांगतो त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवते.

आणि सर, एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याकडं शिवकाळ आणि पेशवाई, पुस्तकाच्या दुकानात त्याच्या पलीकडं फार काही दिसत नाही. प्रकाशकाला खप बघावा लागतो, त्याचंही बरोबर. स्वतः छापणाऱ्याला ती अडचण नाही, तो आपल्या गावाचा इतिहास घेऊ शकतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, रट्ट राजांच्या काळात १२०४ साली बांधली, तिच्यावर कुणी लिहावं. तुमच्या टिळकवाडीतच १९२४ ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले असं एकच अधिवेशन, त्यासाठी राबलेल्या स्वयंसेवकांच्या घरात काय चाललं होतं? निपाणीचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन १९८१ चं, त्यातली माणसं अजून आहेत, त्यांच्याशी बसून बोलता येतं. असे विषय घेऊन कुणी लिहिलं असेल तर ते शोधायला मी जास्तीचे चार तास द्यायला तयार आहे, आणि तुम्हीही द्या.

ग्रुपवर एका नवीन कादंबरीची पीडीएफ आली, वाचली, आवडली. नंतर कळलं की ती लेखिका तेच पुस्तक विकते. आता काय?
— नाव नको

आता विकत घ्या. ई-बुक घेतलं तर बहुतेक वेळा दोघांच्या चहा-नाश्त्याएवढे पैसे होतात. आणि ग्रुपवर लिहा की ही पीडीएफ लेखिकेच्या परवानगीनं आलेली नाही, पुढं पाठवू नका, हवी तर इथं मिळते, म्हणून लिंक द्या. काहीजण नाराज होतील, होऊ देत. मोठ्या लेखकाच्या शंभर प्रती अशा गेल्या तर त्याला कळतही नाही, पण जिचं सगळं पुस्तकच दीड-दोनशे लोक वाचणार आहेत तिचे त्यातले शंभर असे गेले तर ती दुसरं पुस्तक काढणार नाही. ई साहित्यसारख्या ठिकाणी लेखकानं आपणहून मोफत ठेवलेलं असेल ते खुशाल वाचा. किंडलवरही लेखक कधीकधी ठराविक दिवस पुस्तक फुकट ठेवतो, लेखकाला फेसबुकवर फॉलो केलं तर ते दिवस कळतात.

अक्का, मी कंग्राळीचा, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. रात्रपाळीत मध्ये वेळ मिळंल तसं मोबाईलवरच एक कादंबरी लिहिलोय, पूर्ण केलोय. आमच्या कामगारांची आहे. बोलणं सगळं आमच्याच भाषेत घातलोय, 'काय करायलास', 'कुठं गेल्तास' असं. एकजण वाचून म्हणाले हे अशुद्ध आहे, पुण्याचे लोक हसतील. आणि एकजण पैसे घेऊन छापून देतो म्हणायलेत, चांगलीच मोठी रक्कम सांगितलेत. मी काय करू? आणि छापलं तरी वाचणार कोण?
— कंग्राळी

दादा, आधी भाषेचं. बदलू नकोस. बेळगावचा कामगार भट्टीपुढं उभा राहून सदाशिव पेठेतलं बोलायला लागला तर वाचणाऱ्याला एक शब्द खरा वाटणार नाही. फक्त एक सांभाळ, बोली एकसारखी पाहिजे. एकाच माणसाच्या तोंडात एका पानावर 'करायलोय' आणि पुढच्या पानावर 'करत आहे' असं नको. निवेदन तू प्रमाण मराठीत ठेव किंवा तेही बोलीत कर, दोन्ही चालतं, पण ठरवून कर. कन्नड शब्द येतात तेही राहू देत, अर्थ पुढच्या वाक्यातून कळला पाहिजे एवढं बघ.

पैसे घेऊन छापणाऱ्याचं. सगळेच फसवणारे नसतात, पण सही करायच्या आधी हे लेखी घे: किती प्रती छापणार, त्यातल्या तुझ्या हातात किती देणार, प्रूफ कोण बघणार, विक्री कुठं आणि कशी करणार, आणि पुस्तकाचा हक्क कुणाचा. हक्क तुझाच राहिला पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तू लिहिलंस त्या क्षणीच तो तुझा झालाय, नोंदणीची सक्ती नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, काढून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर विचार, कशाचे? तो नंबर दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी फुकट देते, स्वतः पुस्तक काढणाऱ्यालाही देते. आणि 'आम्ही सगळ्या दुकानात पोचवतो' म्हणाले तर बेळगावातल्या कुठल्या दुकानात त्यांची आधीची पुस्तकं आहेत ते विचार आणि स्वतः जाऊन बघून ये.

घाई नसेल तर आधी ई-बुक काढ. किंडलवर चढवायला पैसे लागत नाहीत. तिथं सिलेक्ट म्हणून एक योजना आहे, तिच्यात गेलास तर नव्वद दिवस ते ई-बुक दुसरीकडं कुठंच ठेवता येत नाही, म्हणजे तेच तू प्रतिलिपीवर किंवा ई साहित्यवर टाकू शकत नाहीस, हे लक्षात ठेव. छापायचंच असेल तर आता डिजिटल छपाईत शंभर प्रतीसुद्धा काढता येतात, हजार काढून माळ्यावर ठेवायची गरज नाही. छापून झालं की कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठव, १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं ती पाठवायची असते आणि इथं प्रकाशक तूच. तिथं तुझी फाउंड्री कायमची जपून राहील.

त्याच्याही आधी एक काम आहे. मोबाईलवर लिहिलेलं सगळं कागदावर प्रिंट काढ आणि असा एक माणूस शोध जो तुझा मित्र नाही आणि लाल पेनानं खुणा करेल. शाळेतले जुने मराठीचे सर असतील, वाचनालयातल्या मॅडम असतील. मनात येईल ते त्याला विचार, राग मानू नकोस, आणि मग एकदा सगळं परत लिही. वाचणार कोण म्हणतोस, तर पहिले वाचक तुझ्या पाळीतलेच, त्यांना दोन प्रकरणं मोठ्यानं वाचून दाखव, कुठं गप्प होतात आणि कुठं चुळबुळतात ते बघ. मग येळ्ळूर, कडोली, उचगाव, जिथं संमेलन असेल तिथं टेबल मिळतं का विचार. आणि प्रत मला पाठव. मी विकत घेईन, फुकट नको.

शहापुरात आम्हा बायकांचा वाचन गट आहे. स्वतः छापलेल्या एका कादंबरीची एकच प्रत मिळाली, ती सगळ्यांनी आळीपाळीनं वाचली. आता लेखिकेला बोलवावं असं वाटतं, पण आपण एकच प्रत घेतली म्हणून लाज वाटते.
— वाचन गट, शहापूर

अजिबात लाजू नका. एक प्रत दहाजणींनी वाचली हे ऐकून कुठल्याही नव्या लेखिकेला आनंदच होईल, ती तुम्हाला वाचनालयच समजेल. बोलवा. येण्याजाण्याचा खर्च तुम्ही करा, आधीच सांगा की आम्ही सगळ्यांनी वाचलंय, भाषण नको, आम्हाला प्रश्न विचारायचेत. प्रश्न खरेच विचारा, जे नाही पटलं तेही, कुठलं पात्र अर्धवट सुटलं, शेवट असा का केला. येताना विकायला प्रती आणायला सांगा, ज्यांना घरी ठेवायचं असेल त्या घेतील आणि गटाच्या पैशातून एक प्रत जवळच्या वाचनालयाला द्या. तारीख ठरली की इकडं कळवा, अंकात छापू.